चार फोटोंचा रोल

योसेफ सुदेकचा मूळ धंदा पुस्तकबांधणीचा. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याचा उजवा हात गेला आणि त्यासोबत धंदाही गेला. एका हाताने पुस्तक शिवता येत नाही. फोटो काढता येतो, निदान सुदेकला तरी येत होता. खांद्यावर तिपाई आणि अवजड कॅमेरा टाकून, किंचित वाकून चालणारा हा माणूस पुढची काही दशकं प्रागच्या रस्त्यांवर दिसत राहिला.

१९४० साली त्याने शार्त्रच्या कॅथिड्रलमधल्या एका पुतळ्याचा जुना फोटो पाहिला. तो निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेला, मोठा न केलेला. दगडाचा पोत त्यात असा काही उतरला होता की सुदेकने एन्लार्जर बाजूला सारला, तो कायमचाच. मोठा फोटो हवा तर निगेटिव्हच मोठी हवी, हा हिशेब मग ओघाने आला. त्या हिशेबात बसणारा एक जुनाट कॅमेरा त्याने वापरायला काढला: कोडॅकचा पॅनोरॅम.

पॅनोरॅम बाजारात आला १८९९ साली, हौशी लोकांसाठी. त्यात फिल्म सपाट नसते, आतल्या अर्धगोल भिंतीला चिकटून वळलेली असते. कळ सोडली की भिंग एका बाजूकडून दुसरीकडे झोका घेतं आणि जाता जाता समोरचं दृश्य फिल्मवर सारवत नेतं. युक्ती त्याहूनही जुनी. पॅरिसमध्ये राहणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टेन्स या खोदकाम करणाऱ्या कलावंताने १८४५च्या सुमारास वळवलेल्या धातूच्या पत्र्यावर दीडशे अंशांचं पॅरिस असंच उतरवलं होतं.

झोका घेणाऱ्या भिंगाची एक खोड आहे. समोरचा सरळ रस्ता फोटोत केळ्यासारखा वाकतो. कॅमेरा जरा पुढे झुकला तर क्षितिजही वाकतं. म्हणून असा कॅमेरा वापरणाऱ्याला गवंड्यासारखी पाणसळ पाहत बसावं लागतं. हौशी लोकांनी डोंगर, धबधबे, समुद्रकिनारे काढले. तिथे वाकायला सरळ रेष नसतेच, त्यामुळे खोड झाकली गेली. सुदेक मात्र तो कॅमेरा घेऊन शहरात शिरला, जिथे पाहावं तिथे सरळ रेषा. पूल, घाट, बागांच्या भिंती, आणि शहर जिथे विरत जातं तिथल्या परसबागा नि मोकळ्या जागा. १९५९ साली त्याचं ‘पॅनोरमिक प्राग’ निघालं. त्यात २८४ फोटो आहेत, आणि ज्या निगेटिव्हवरून ते छापले त्या साधारण दहा सेंटिमीटर उंच, तीस लांब.

सुदेक १९७६ मध्ये वारला. त्याच वर्षी जर्मनीतल्या लिनहोफ कंपनीने टेक्नोरामा आणला. त्यात झोका नाही, वळण नाही. रुंद कोनाचं भिंग, मागे सपाट फिल्म, आणि फ्रेम सहा सेंटिमीटर उंच, सतरा लांब. फिल्म मात्र जुनीच, १२०ची. आपल्याकडे ज्यांच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता त्यांना हा रोल चांगला आठवेल: त्यावर बारा चौकोनी फोटो यायचे. टेक्नोरामात तोच रोल घातला की फोटो येतात चार.

चार फोटो संपले की उन्हाकडे पाठ करून नवा रोल भरायचा. शटर दर वेळी हाताने चढवायचं. आपण पाहतो ते वर बसवलेल्या व्ह्यूफाइंडरमधून, भिंगातून नव्हे. त्यामुळे भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तरी दृश्य झकास दिसत राहतं. रस्ता आता सरळ येतो, पण कडांना उजेड कमी पोहोचतो. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी काळसर आणि कडेला स्वच्छ अशी काच भिंगापुढे लावतात. ती उजेड खाते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणून पुन्हा तिपाई. फुजीनेही १९८३ पासून याच मापाचे कॅमेरे काढले, आणि त्यांवर कॅलेंडरची निसर्गचित्रं भरपूर निघाली. देखणी असतात, पण पाहिली की विसरली जातात.

त्या लांबट फ्रेमला खरं काम पुन्हा एका चेक माणसानेच दिलं. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा साध्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने ते टिपणारा योसेफ कौडेल्का पुढे देश सोडून गेला. १९८६ मध्ये फ्रान्स सरकारच्या एका प्रकल्पासाठी भूप्रदेशाचे फोटो काढताना तो पॅनोरमाकडे वळला. मग तो मायदेशी आला आणि उत्तर बोहेमियातल्या कोळशाच्या उघड्या खाणींवर त्याने हाच कॅमेरा रोखला. आम्लवर्षेने वठलेली झाडं, उकरलेली जमीन, आणि माणूस जवळजवळ कुठेच नाही. १९९४ सालचं ‘ब्लॅक ट्रँगल’ हे पुस्तक त्यातून झालं. सुंदर देखाव्यासाठी बनलेली चौकट त्याने उद्ध्वस्त जमिनीला दिली, कधी कॅमेरा आडवाचा उभाही केला. पुढे इस्रायलने वेस्ट बँकमध्ये बांधलेल्या भिंतीवर त्याने काम केलं, ते २०१३ मध्ये ‘वॉल’ नावाने आलं. भिंतीसाठी याहून योग्य आकार शोधूनही सापडला नसता.

नंतर लायकाने त्याच्यासाठी खास डिजिटल पॅनोरमिक कॅमेरा तयार करून दिला. १२०चा रोल मात्र चालूच आहे. कोडॅकने तो १९०१ साली ब्राउनी नंबर २ या पेटी-कॅमेऱ्यासाठी काढला होता. आजही तो विकत मिळतो, आणि सहा बाय सतराच्या कॅमेऱ्यात अजून त्यावर चारच फोटो येतात.