दोन जन्मतिथी आणि एक प्रश्न

मंडळी, आपल्या पनवेलचे जुने कागद पाहा: जिल्हा कुलाबा. १९८१ नंतरचे पाहा: जिल्हा रायगड. ही विसंगती नव्हे. काळ पुढे गेला, नाव बदललं.

आता शिवजन्म घ्या. रूढ परंपरेत शके १५४९, म्हणजे १६२७. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, म्हणजे फेब्रुवारी १६३०. माणूस एकदाच जन्मतो. ही खरी विसंगती. आणि पारंपरिक तर्कशास्त्रात विसंगतीतून काहीही सिद्ध होतं. मग संगणकाने करायचं काय?

इथे ऑन्टॉलॉजी कामाला येते. संकल्पनांचे नियम आधी लिहून ठेवायचे: जिल्ह्याचं नाव बदलू शकतं, जन्मतिथी नाही. नोंद मात्र पुसायची नाही. एकदा ही वगळून, एकदा ती वगळून, तोच प्रश्न विचारायचा. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी महाराजांची चाळिशी उलटली होती का? एका हिशेबाने वय ४७, दुसऱ्याने ४४. उत्तर दोन्हीकडे होय. पंचेचाळिशी उलटली होती का? इथे उत्तरं फुटतात, म्हणून ठाम बोलायचं नाही.

२००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. पण विचार करा, रूढ तिथीशी जुळत नाही म्हणून ती शकावलीच कुणी फेकून दिली असती तर?