पांढरी, काळी आणि आकाशातले साधन

इतिहासाचे साधन म्हणजे कागद, ही समजूत महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे. तिची मुळे आमच्या खानदेशातही आहेत. गावोगाव फिरून दप्तरे गोळा करणारे वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे. त्या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कागदालाही जात असते. ज्याच्या हाती बोरू होता त्याचेच जग कागदावर उतरले. महार, मांग, भिल्ल त्या दप्तरांत आले ते वेठीला धरलेले, वतनाच्या तंट्यातले, नाहीतर गुन्हेगार म्हणून. 'तुमच्या इतिहासाला पुरावा काय?' असे विचारणारा माणूस, लिहिण्याचा अधिकारच कोणाला नव्हता हे सोयीस्करपणे विसरतो. म्हणून आपल्यापुरता साधनांचा प्रश्न इतिहासाच्याही आधी येतो.

ज्यांना लिहू दिले नाही त्यांनी जमिनीवर खुणा सोडल्या. विहिरी खणल्या, बांध घातले, गावाबाहेर घरे बांधली. या खुणा वाचण्याचे एक साधन गेल्या शतकाने दिले आहे, ते हवाई छायाचित्राचे. दलित अभ्यासकांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा, आणि त्याच्यापासून सावधही राहावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

या साधनाचा जन्म युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करणारा ओ. जी. एस. क्रॉफर्ड पुढे ब्रिटनच्या नकाशाखात्यात पुरातत्त्व अधिकारी झाला. अलेक्झांडर केलरबरोबर त्याने 1928 साली 'वेसेक्स फ्रॉम द एअर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीवर उभ्या माणसाला न दिसणारे वरून तीन खुणांनी दिसते. सूर्य कलता असताना वीतभर उंचवट्याचीही सावली पडते, ही पहिली खूण. नांगरटीने वर आलेल्या मातीचा रंग बदलतो, ही दुसरी. तिसरी खूण पिकाची. बुजलेल्या जुन्या चरावर ओल टिकते, तेथे गहू उंच आणि हिरवा राहतो. पुरलेल्या भिंतीवर तो खुरटतो व लवकर पिवळा पडतो. इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी कितीतरी गावे उठवली होती. मॉरिस बेरेसफर्डने 1954 साली अशा ओसाड गावांवर ग्रंथ लिहिला आणि 1958 साली सेंट जोसेफच्या हवाई छायाचित्रांसह मध्ययुगीन इंग्लंडचे दर्शन घडवले. घरांचे चौथरे, गल्ल्या, शेतांच्या सरी गवताखाली तशाच होत्या. धनी आपला अन्याय विसरले होते; जमीन विसरली नव्हती.

आपल्याला हे शास्त्र परके वाटू नये. आपल्याकडे गावाचे दोन भाग मातीच्या रंगावरूनच ओळखले जातात. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. उन्हाळी नांगरटीनंतर काळ्या रानात असा पांढुरका डाग विमानातून दिसला, तर तेथे कधीतरी माणसे नांदत होती असा तर्क करता येतो. दोंडाईच्याच्या वायव्येला, तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशे येथील टेकाडाचे बी. के. थापर यांनी 1955 साली उत्खनन केले, तेव्हा तेथील वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे गेली. तापीकाठच्या सावळद्यावरून तर एका संस्कृतीलाच सावळदा संस्कृती असे नाव पडले. पण प्रत्येक पांढरीला प्रकाश्याचे भाग्य लाभत नाही. तिची माती खत म्हणून शेतात जाते, धाब्यावर पसरली जाते, आता यंत्राने सपाटही होते. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशे येथे तापीवर बॅरेज झाली आणि नदीकाठ बदलला. जे पुसले गेले ते पाहायचे तर जुनी छायाचित्रेच हाती उरतात. अमेरिकेच्या 'कोरोना' या हेर-उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात घेतलेली छायाचित्रे 1995 साली जगाला खुली झाली. शत्रूची क्षेपणास्त्रे शोधायला निघालेला कॅमेरा वाटेतली खेडीही टिपत गेला. आपल्या देशात हवाई छायाचित्रे दीर्घकाळ संरक्षण खात्याच्या परवानगीखाली कुलूपबंद होती. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची ही बंधने बरीच सैल केली आहेत.

तथापि आपल्याला केवळ चार हजार वर्षांपूर्वीची पांढरी शोधायची नाही. शंभर वर्षांपूर्वीचे गाव कसे होते हेही सांगायचे आहे. महसुली गावनकाशात शेतांचे सर्व्हे नंबर बारकाईने आखलेले असतात, कारण शेतसारा तेथून यायचा. गावठाणाच्या आतली घरे बहुतेक लहान गावांच्या नकाशात आखलेलीच नाहीत. मग वेशीबाहेरचा महारवाडा, मांगवाडा, नदीकाठची भिलाटी यांना कोण विचारतो? जुन्या हवाई छायाचित्रात मात्र ती वस्ती असते. गावाचा दाट पुंजका, मग मोकळी जागा, मग दुसरा लहान पुंजका. ती मोकळी जागा म्हणजे अस्पृश्यता. समाजशास्त्राच्या पुस्तकात जी पाने भरून समजावून सांगावी लागते, ती येथे मापपट्टीने मोजता येते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच झाला. परंतु नाव बदलले की अंतर आपोआप मिटत नाही, आणि ते अंतर किती होते याची नोंद उरली नाही तर उद्या ते नव्हतेच असे सांगणारे निघतील.

पण छायाचित्राला वाचा नसते, ही त्याची मर्यादा. पांझरेवरची फड पद्धत पाहा. बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि एकेका पिकाने भरलेले सलग फड वरून स्पष्ट दिसतात. पाणी वाटणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या मात्र दिसत नाहीत. एखादी विहीर दिसते. तिच्यावर कोणाला पोहरा सोडता येत नव्हता ते दिसत नाही. ते वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असते. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे कांस्यशिल्पांचे प्रसिद्ध घबाड सापडले, ते छबू लक्ष्मण भिल या माणसाला, झाडाचे मूळ खणताना. जमिनीशी ज्याचा हात लागलेला आहे त्याच्याशिवाय आकाशातला डोळा अर्धा आंधळा आहे. म्हणून छायाचित्र घेऊन वस्तीत बसावे, आजीआजोबांपुढे ते पसरावे, आणि ते जे सांगतील ते त्याच ठिकाणी लिहून ठेवावे.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. कॅमेरा ज्याच्या हाती, पुरावा त्याचा, असे होऊ शकते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातील, भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ताबा त्या काळातला आहे हे कशावरून? येथे कोणी उपग्रहाचे चित्र पुढे केले तर आपण हिशेब विचारला पाहिजे. 1988 साली सोडलेल्या आय.आर.एस.-1ए या भारतीय उपग्रहाच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे 36 मीटर लांब-रुंद होता. म्हणजे एक एकर जमीन जेमतेम तीन ठिपक्यांत मावते. त्या तीन ठिपक्यांत ज्वारी दिसली नाही, म्हणून ज्वारी पेरली नव्हती असे होत नाही. सातपुड्यातल्या भिल्लाचे शेत झाडाखाली झाकलेले असते. चित्रात जंगल दिसते आणि दावा फेटाळला जातो. वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. हा नियम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. चित्रात असणे हा पुरावा आहे. चित्रात नसणे हा पुरावा नव्हे.

आज हाच प्रश्न गावठाणात आला आहे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका दिली जाते. ड्रोन उडण्याआधी जमिनीवर चुन्याने हद्दी आखतात. वरचा कॅमेरा निःपक्षपाती असेल. चुन्याची रेघ निःपक्षपाती असेलच असे नाही. ती कोणाच्या सांगण्यावरून आखली गेली आणि आपली वस्ती गावठाणात धरली की हद्दीबाहेर ठेवली, यावर पुढच्या पिढ्यांचे घर अवलंबून आहे. रेघ आखताना आपला माणूस तेथे उभा असला पाहिजे.

जतनाचेही असेच. लळिंगचा किल्ला कोणत्याही छायाचित्रात उठून दिसतो. 1937 साली न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब ज्या लांडोर बंगल्यात राहिले, तो त्याच परिसरात आहे. वरून पाहणाऱ्याला ते एक लहानसे छप्पर. दरवर्षी 31 जुलैला तेथे जमणारे लोक त्या छपराला इतिहास करतात. आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी आपापल्या गावाची जुनी-नवी छायाचित्रे मिळवावीत. जुनी वस्ती, विहीर, वतनाची जमीन, मसणवटा त्यांवर खुणेने दाखवावीत, आणि सांगणाऱ्याने सांगितलेली हकीकत तारखेसह जोडावी. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक महाविद्यालयात, एक वस्तीच्या विहारात ठेवावी. कागद आपल्या हाती नव्हता तेव्हा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला. आता चित्र हाती येऊ शकते. ते वाचण्याचे कामही दुसऱ्यांवर सोपवायचे का, हे आपणच ठरवायचे आहे.