डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक (गृहश्रवण)

डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक (प्रचलित संक्षेप: डॅक) हे अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे सलग बदलणाऱ्या विद्युतदाबात रूपांतर करणारे उपकरण आहे. मोबाइल, संगणक, सीडी प्लेअर आणि दूरचित्रवाणी संचांत ते अंगभूत असते. स्वतंत्र डॅकच्या किमती काही हजारांपासून कित्येक लाख रुपयांपर्यंत असतात. महागड्या डॅकमुळे घरातील संगीतश्रवण सुधारते का, हा श्रोत्यांमधील जुना वाद आहे. उपलब्ध मोजमापे व चाचण्या पाहता, ठरावीक दर्जाच्या पुढे किमतीबरोबर ऐकू येणारा फरकही वाढतो असे सिद्ध झालेले नाही.

कार्यपद्धती

फिलिप्स व सोनी यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत नोंदवले जातात. नायक्विस्ट-शॅनन प्रमेयानुसार नमुनादराच्या निम्म्याहून कमी, म्हणजे येथे २२,०५० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचा ध्वनी त्या नमुन्यांतून पुन्हा उभा करता येतो. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे. डिजिटल ध्वनी 'पायऱ्यापायऱ्यांचा' असतो हा समज चुकीचा आहे, कारण परिवर्तकातील गाळणीमुळे बाहेर पडणारा संकेत सलग होतो.

प्रारंभी अचूक परिवर्तक बनवणे अवघड होते. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांचा परिवर्तक चौपट नमुनादराने चालवून १६ बिटांची गुणवत्ता साधली होती. पुढे एकात्मिक मंडले स्वस्त झाली आणि आज साध्या डॅकचा गोंगाट व विरूपणही बहुधा श्रवणमर्यादेच्या खाली असते.

श्रवणचाचण्या

किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. त्यामुळे दोन उपकरणांची तुलना करताना त्यांची पातळी सुमारे ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते आणि कोणते उपकरण चालू आहे हे श्रोत्याला कळू द्यायचे नसते. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या ध्वनीच्या मार्गात सीडीच्या दर्जाचे रूपांतर घातले होते. श्रोत्यांनी ५५४ पैकी २७६ वेळा, म्हणजे ४९.८ टक्के वेळा ते अचूक ओळखले. नाणेफेकीतूनही असाच निकाल लागला असता. वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ ध्वनिमुद्रणच उच्च दर्जाचे नव्हते, असा आक्षेप या प्रयोगावर घेण्यात आला. जोशुआ राइस यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात १८ प्रयोगांतून सीडीपेक्षा उच्च दर्जा ओळखण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. मात्र हे दोन्ही अभ्यास ध्वनीच्या स्वरूपाविषयी आहेत, डॅकच्या किमतीविषयी नाहीत.

घरातील मर्यादा

१६ बिटांच्या ध्वनीत सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. ठाण्यातील खोपटसारख्या, एसटी आगार व वाहत्या रस्त्यांलगतच्या वस्तीत त्याचा पुरेपूर उपयोग होणे कठीण आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खिडक्या बंद करून खोलीतील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलवर आला असे मानले, तरी त्यावर ९६ डेसिबलचा पल्ला मिळवण्यासाठी आवाज १३१ डेसिबलपर्यंत न्यावा लागेल. ही पातळी कानाला वेदना देणारी आहे.

खोलीचा परिणाम याहून मोठा असतो. १० × १२ फुटांच्या खोलीत सुमारे ४७ व ५६ हर्ट्झला आणि त्यांच्या पटींना अनुनाद निर्माण होतो. त्यामुळे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा एका जागी फुगतो, तर दुसऱ्या जागी विरतो. हा फरक १० डेसिबलहूनही अधिक असू शकतो. चांगल्या डॅकमधील विचलन बहुधा १ डेसिबलच्या अंशाइतकेच असते. मूळ ध्वनिमुद्रणाचीही मर्यादा असते: बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील खरखर कोणत्याही डॅकने कमी होत नाही.

फरक कधी पडतो

संगणकाच्या अंगभूत मंडलातून गुणगुण वा खरखर ऐकू येत असल्यास स्वतंत्र डॅक, अगदी स्वस्तातलाही, उपयोगी पडतो. काही महागड्या डॅकमध्ये डिजिटल गाळणी वगळलेली असते. सीडीच्या नमुनादरावर अशा रचनेत २०,००० हर्ट्झला ध्वनी सुमारे ३ डेसिबलने उतरतो. हा बदल एखाद्याला 'मृदू' वाटून आवडू शकतो, परंतु त्याने अचूकता वाढत नाही. महागड्या उपकरणात मजबूत बांधणी, अधिक जोडण्या, हेडफोनसाठी सशक्त प्रवर्धक आणि दुरुस्तीची सोय मिळू शकते. केवळ ध्वनी सुधारायचा असल्यास स्पीकर, त्यांची मांडणी आणि जाड पडदे, गालिचा किंवा पुस्तकांची कपाटे यांवर केलेला खर्च सहसा अधिक परिणामकारक ठरतो.