शेतीची नियतकालिके आणि इंग्रजीचा शब्दसंग्रह

एखादा शब्द भाषेत कधी आला, या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. तो प्रथम कुठे छापला गेला, हा एक; आणि सोबत अर्थ न देता लोक तो केव्हा वापरू लागले, हा दुसरा. इंग्रजीतील शेतीच्या शब्दांबाबत पहिल्याचे उत्तर पुष्कळदा ग्रंथांत मिळते, दुसऱ्याचे नियतकालिकांतच शोधावे लागते. भाषेच्या इतिहासात मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

'ग्वानो' हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचत. त्या खताचे केचुआ भाषेतले नाव स्पॅनिशमार्गे १७व्या शतकाच्या आरंभीच इंग्रजी पुस्तकात उतरले, पण दूरदेशीची नवलाई एवढेच त्याचे स्थान राहिले. १८४०च्या सुमारास हे खत जहाजांनी इंग्लंडला येऊ लागले. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे जर्नलही त्याच सुमारास सुरू झाले होते. ग्वानो एकरी किती टाकावा, कोणत्या पिकाला मानवतो, भेसळ कशी ओळखावी, याची चर्चा छापून येऊ लागली. १८५२मध्ये सोसायटीने ग्वानोच्या तोडीचे स्वस्त खत शोधणाऱ्याला १००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, तोवर तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. ग्रंथात सुमारे अडीच शतके पडून राहिलेला शब्द दहा-बारा वर्षांत बाजारात रुळला.

हे साधले कसे, याचे उत्तर पत्रव्यवहाराच्या पानांत आहे. आर्थर यंग यांनी १७८४मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' काढले, ते जमीनदार आणि प्रयोगशील शेतकऱ्यांच्या पत्रांवर चालले. राजा तिसरा जॉर्ज यानेही 'राल्फ रॉबिन्सन' या टोपणनावाने त्यात लिहिले. नॉरफोकचा शेतकरी आणि यॉर्कशरचा शेतकरी एकाच वस्तूला वेगवेगळी नावे देत. एकमेकांचे प्रयोग ताडून पाहायचे तर सामाईक शब्द हवा, आणि ही गरज ग्रंथापेक्षा नियतकालिकाला कितीतरी अधिक जाणवते, कारण तिथे वाचकच पुढच्या अंकाचा लेखक असतो. पाभरीने पेरावे की हाताने फोकून पेरावे, हा त्या काळचा मोठा वाद. फोकून पेरण्याचा 'ब्रॉडकास्ट' हा शब्द अशा वादांतून इतका घासला गेला, की १९२०च्या दशकात आकाशवाणीला नाव हवे होते तेव्हा तो तयार सापडला.

पण छापील चर्चेतून चूकही तेवढ्याच वेगाने पसरते. बीटवर्गातील एका चाऱ्याच्या कंदाला जर्मनमध्ये 'मांगोल्ड' म्हणत. त्याचे 'मांगेल', म्हणजे टंचाई, असे झाले आणि १७८०च्या दशकात इंग्लंडमध्ये हा कंद 'टंचाईचे मूळ' या नावाने दुष्काळावरचा उपाय म्हणून गाजवला गेला. पुढे ते भाषांतर मागे पडले, पण मूळ जर्मन चुकीसकट 'मँगेल-वुर्झेल' हे रूप इंग्रजीत कायम झाले.

नवे संकट आले की जुन्याच शब्दाला हात घातला जातो, हेही या पानांत दिसते. सप्टेंबर १८४५मध्ये 'गार्डनर्स क्रॉनिकल'चे संपादक जॉन लिंडली यांनी आयर्लंडमधील बटाट्याच्या रोगाची बातमी दिली, तेव्हा त्यांनी 'मरेन' हा गुरांच्या साथीचा शब्द योजला. बटाट्याच्या त्या रोगासाठी आज रूढ असलेला 'ब्लाइट' नंतर स्थिरावला. मुरघासासाठीचा 'सायलेज' हा शब्द मात्र सरळ मार्गाने आला: फ्रेंच 'आँसिलाज'वरून इंग्रजीत 'एन्सिलेज' झाले आणि १८८०च्या दशकात त्याचे पहिले अक्षर गळाले.

म्हणून कोशात शब्दापुढे दिलेले साल जन्मतारीख समजू नये. शब्द त्या सालानंतर जन्मलेला नाही, एवढेच ते सांगते. जुने अंक आता छायाचित्रित होऊन शोधता येऊ लागले आहेत, आणि कोशातली साले मागे सरकवण्याचे काम अभ्यासकांनी त्या पत्रांच्या पानांपासूनच सुरू करायला हवे.