'कार्य' आणि 'फंक्शन'

पैनगंगेच्या उत्तरेस उमरखेड, दक्षिणेस हदगाव. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पलीकडचा काठ १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. राजवटी दोन असल्या तरी मराठी घरांतील लग्न-बारशांसाठी 'कार्य' हाच शब्द होता. आज तेथे 'फंक्शन' रुळले आहे. हा केवळ इंग्रजीचा सोस मानणे उथळपणाचे ठरेल. 'फंक्शन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'पार पाडणे' असा आहे, आणि 'कार्य' म्हणजे करावयाचे ते; व्युत्पत्तीने हे जवळजवळ भाषांतरच. (आपल्या समीक्षेने याच शब्दासाठी 'प्रकार्य' घडविले, हा योग गमतीचा.) भेद आहे तो व्याप्तीत. मराठीत 'लग्नकार्य' आहे तसे 'दिवसकार्य'ही आहे, कारण 'कार्या'त कर्तव्य मुख्य, आनंद आनुषंगिक. साखरपुडा 'फंक्शन' होतो. तेरवीला तसे कोणी म्हणत नाही. क्रियापदेही पाहावीत: कार्य घरात 'निघते' आणि 'पार पडते', फंक्शन 'अटेंड' केले जाते. यजमानाची क्रियापदे मागे पडून पाहुण्याचे पुढे आले आहे. नांदेडकडे हैदराबादी वळणाने 'फंक्शन हॉल' अशा पाट्या दिसतात; विदर्भात 'मंगल कार्यालय' अजून टिकून आहे.