ल्यूथरन पंथ

ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख प्रॉटेस्टंट पंथ. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) या जर्मन धर्मसुधारकाच्या शिकवणुकीतून तो उदयास आला. मनुष्याचे तारण सत्कृत्यांच्या बळावर होत नसून ईश्वरी कृपेने व श्रद्धेने होते आणि धर्मविषयक बाबतींत बायबल हेच अंतिम प्रमाण होय, ही त्याची मूलतत्त्वे. ती १५३० च्या आउग्जबुर्ग श्रद्धानिवेदनात मांडली गेली. पंथाचे प्रमाणलेख १५८० मध्ये एकत्र ग्रथित झाले. परंपरानिष्ठ ल्यूथरन चर्च ते आजही बंधनकारक मानतात.

उपासनेत प्रवचन व प्रभुभोजन यांना मध्यवर्ती स्थान असते. भाकर व द्राक्षारस यांच्यासमवेत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर दिले जाते, अशी श्रद्धा आहे. पापकबुली, क्षमावचन, श्रद्धासूत्राचे पठण व सामुदायिक स्तोत्रगायन ही उपासनेची अन्य अंगे. ल्यूथरने १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध करून लोकभाषेला देवालयात प्रतिष्ठा दिली.

भारतात १७०६ मध्ये तरंगमबाडी येथे त्सीगेनबाल्ख व प्ल्यूचाउ यांनी ल्यूथरन कार्यास आरंभ केला. मध्य प्रांतात १८७७ पासून स्वीडिश मिशनरी आले. अमरावतीच्या ईशान्येस सातपुड्यातील छिंदवाडा हे त्यांचे प्रमुख केंद्र बनले. वऱ्हाडात मात्र ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही निराळी संस्था प्रभावी ठरली. बाप्तिस्म्यात कर्ता ईश्वरच असतो, असे मानून ल्यूथरन अर्भकांनाही बाप्तिस्मा देतात. अलायन्समध्ये तो स्वतः श्रद्धा प्रकट करणाऱ्यांनाच देतात. शेजारच्या दोन प्रदेशांतील ख्रिस्ती आचारांत हा भेद त्यामुळे दिसून येतो.