पेगन, पाखंड आणि वेड

लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा टापू आणि तिथं राहणारा तो ‘पागानुस’. इंग्रजीतला ‘पेगन’ याच शब्दाचा वंशज. मुळात त्याचा देवाधर्माशी संबंध नव्हता. रोमन सैनिक तर फौजेबाहेरच्या कुणाही साध्या नागरिकाला पागानुस म्हणत. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोक तो जुन्या देवांना भजणाऱ्यांसाठी वापरू लागले. तो असा का वळला, याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. नवा धर्म शहरांत रुजला, जुनी दैवतं खेड्यांत टिकली, हे एक; पाचव्या शतकाच्या आरंभी ओरोसियस या इतिहासकारानं हेच सांगितलं. ख्रिस्ती स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई मानत, म्हणून त्या फौजेत नसलेला तो पागानुस, हे दुसरं.

यांतलं कुठलंही उत्तर घ्या, तो माणूस काय मानतो हे या शब्दातून कळतच नाही. तो आपल्यातला नाही, एवढंच कळतं. 384 साली रोमचा नगरप्रमुख होता सिम्माकस, खानदानी रोमन आणि लॅटिनचा नामांकित वक्ता. सिनेटच्या सभागृहातून हलवलेली विजयदेवतेची वेदी परत बसवावी, अशी विनंती त्यानं सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनला केली. एवढ्या मोठ्या गूढाकडे एकाच वाटेनं पोचता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी विरोध केला आणि विनंती फेटाळली गेली. खेड्याशी काडीचा संबंध नसलेल्या या माणसालाही खेडूतपणाचंच नाव चिकटलं.

पण गावंढळ म्हणण्यापेक्षा जास्त घाव घालतं ते वेडा म्हणणं. इसवी सन 112 च्या सुमारास बिथिनिया-पाँटसचा राज्यपाल धाकटा प्लिनी यानं सम्राट ट्राजनला ख्रिस्त्यांविषयी पत्र लिहिलं. विचारूनही आपली श्रद्धा न सोडणाऱ्यांना त्यानं मृत्युदंड दिला होता आणि त्यांच्या त्या चिकाटीला त्यानं शब्द वापरला ‘आमेन्तिया’, म्हणजे मन ठिकाणावर नसणं. त्याआधी सेंट पॉललाही फेस्तुस या रोमन अधिकाऱ्यानं वेडा ठरवलं होतं. फार शिकल्यानं तुझं डोकं फिरलं, असं तो म्हणाल्याचं बायबलच्या नव्या करारात नोंदलेलं आहे.

प्लिनीच्या पत्रानंतर सव्वादोनशे वर्षांत सत्ता ख्रिस्त्यांकडे फिरली आणि शब्दही फिरले. 341 साली सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसच्या कायद्यानं जुन्या देवांपुढचे बळी बंद करण्याचा हुकूम दिला. त्या बळींना कायद्यानं ‘इन्सानिया’, वेडेपणा, म्हटलं. 380 साली सम्राट थिओडोसियसच्या फर्मानानं तर अधिकृत मत न मानणाऱ्या ख्रिस्त्यांनाही ‘देमेन्तेस’ ठरवलं. आजच्या ‘डिमेन्शिया’चं मूळ त्याच घराण्यातलं. ज्यांच्या पूर्वजांना वेडे म्हटलं गेलं, तेच आता शेजाऱ्याला वेडे म्हणत होते. मधल्या काळात माणसाचा मेंदू बदलला नव्हता. बदललं होतं ते दरबारातलं पारडं.

देवांचंही हेच झालं. ग्रीकांचा ‘दायमोन’ म्हणजे माणूस आणि देव यांच्यामधली शक्ती. ती भली असे, बुरीही असे. ख्रिस्ती लेखनात तोच ‘डीमन’, निव्वळ सैतानाचा हस्तक, झाला. गोव्यात तर हा बदल एकाच गावात ऐकू येतो. हिंदूंचा देवचार रात्री गावाच्या वेशीवर फिरणारा राखणदार आहे, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान.

हा दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही. अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे कुठलाही पंथ. सर्व पाषंडांचा मान राखा, असं तो बाराव्या शिलालेखात सांगतो. पुढे त्याच शब्दाचा पाखंड झाला, आणि अशोकाची ‘देवानांप्रिय’ ही पदवी संस्कृत व्याकरणकारांच्या हाती मूर्खाचा पर्याय बनली.

मग श्रद्धेच्या संदर्भात वेड हा शब्द टाकूनच द्यावा का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण योहान वायर. 1563 साली या वैद्यानं चेटकीण म्हणून जाळल्या जाणाऱ्या बायकांची बाजू घेणारा ग्रंथ छापला. वायर स्वतः सैतान मानणारा होता. तरीही त्यानं मांडलं की यांतल्या पुष्कळ जणी विषण्णतेनं आजारी आहेत. त्यांना वैद्य हवा, चिता नको. इथे आजाराचं नाव माणसाला वाचवायला आलं. विसाव्या शतकात सोव्हिएत संघात तेच नाव उलट्या कामी आलं: राजवटीशी न पटणाऱ्यांना, त्यांत काही धर्मनिष्ठांनाही, मनोरुग्ण ठरवून इस्पितळांत डांबलं गेलं.

‘डिलिरियम’ या वैद्यकीय शब्दात लॅटिनचा ‘लिरा’ आहे. लिरा म्हणजे नांगरटीतला वरंबा. तो सोडून भरकटणं म्हणजे डिलिरियम. पण वरंबा कुठून कुठे जायचा हे कुणी आखलं, हा प्रश्न त्या शब्दात गिळलेला आहे. आजचे मनोचिकित्सक तो विचारतात. अमेरिकन मनोचिकित्सकांच्या निदानग्रंथात भ्रमाची व्याख्या करताना म्हटलं आहे की त्या माणसाच्या समाजात सर्रास मानली जाणारी श्रद्धा भ्रमात धरू नये. पण एवढ्यानं भागत नाही. प्रत्येक श्रद्धा कधीतरी मूठभरांचीच असते, आणि केवळ डोकी मोजली तर प्लिनी बरोबर ठरतो.

भारताचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा याच्या पुढे जातो. कलम 3 सांगतं की एखादा माणूस आपल्या समाजातल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. सिम्माकसला आणि प्लिनीसमोर उभ्या राहिलेल्या त्या ख्रिस्त्यांना, दोघांनाही हे एकच वाक्य पुरलं असतं. शेजाऱ्याचा देव आपल्याला विचित्र वाटला तर त्याला झोप लागते का, तो जेवतो का, त्याला कसला त्रास आहे का, हे विचारावं. त्रास असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. नसेल, तर वेडा हा शब्द आपण तोंडातून काढता कामा नये.